आधी पाणी दाखवा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीत बहिणींनी एक प्रश्न टाकला होता. रस्त्याच्या कडेला ज्वारीच्या भाकरीची केंद्रे काढायची, तर अन्नाच्या कायद्याखालचे रजिस्ट्रेशन काढायचे की नाही? सभेत लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, आपण जन्मभर लायसन्स-परमिटच्या विरुद्ध घसा फोडला, आणि आता भाकरी थापायलाही सरकारची परवानगी मागायची? दुसरा म्हणाला, कागद नसला तर पहिल्याच आठवड्यात इन्स्पेक्टर चूल विझवून जाईल. दोघांचेही खरे होते. उत्तर द्यायचे काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही मुदत मागून घेतली आणि चार कार्यकर्त्यांना घेऊन महाड-पोलादपूरला जाऊन आलो.

कापूस-ज्वारीच्या माणसाला कोकणात काय काम, असे काहींनी विचारले. काम असे होते, की हे दोन्ही गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहेत. पोलादपुरातून महाबळेश्वरचा घाट फुटतो. जाणारी-येणारी माणसे तिथे थांबतात, खातात. म्हणजे आपल्या बहिणी उद्या जे करणार, ते तिथल्या बाया आजच करतात. आणि दुसरे कारण महाडचे. पाणी कुणी प्यायचे याबद्दल एका नगरपालिकेने ठराव केला आणि त्या ठरावाचे पुढे काय झाले, ते महाडात घडले. तिकडे नंतर येतो.

पोलादपूर हे डोंगरातले गाव. आजूबाजूच्या वाड्यांतली कर्ती माणसे मुंबईला, बडोदा-सुरतेला गेलेली. मागे राहिलेल्या बाया भात-नाचणी करतात आणि जमेल ते विकतात. नाक्याच्या अलीकडे एका मावशींची टपरी होती. तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, डाळ. भिंतीवर रजिस्ट्रेशनचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेला. आम्ही विचारले, मावशी, तपासायला कुणी येते का? म्हणाल्या, "येतात कधीतरी. भांडी बघतात, डोक्याला टोपी घाला म्हणतात, नखं बघतात. बरोबरच आहे त्यांचं." आणि पाणी? "पाण्याचं कोण विचारतंय भाऊ? आता टँकरचं आहे."

भावांनो, हे ऐकून आम्ही जागच्या जागी थांबलो. आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडला की आपण वर्ष चांगले म्हणतो. पोलादपूर-महाडच्या डोंगरात तीन हजारांच्या वर पडतो. तरी एप्रिल-मे आला की वाड्यावाड्यांवर टँकर फिरतो. पाणी डोंगरावरून धावत सावित्रीला मिळते आणि समुद्रात जाते, आणि त्याच डोंगरातली बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहते. ते टँकरचे पाणी कुठल्या विहिरीतून भरले, त्यात टीसीएल पावडर पडली की नाही, हे तिला कोण सांगणार? तिची नखे तपासायला माणूस आहे. पाण्याचा हिशेब तिला द्यायला कुणी नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आम्ही वकील नाही, पण मराठी-इंग्रजी वाचता येते आणि वाचायचा कंटाळा नाही.

१९५४ साली भेसळ प्रतिबंधक कायदा झाला. त्यात सगळे फौजदारी होते. पानटपरीवाला असो की तेलाचा कारखानदार, दोघांनाही एकाच कोर्टाची पायरी. कारखानदाराकडे वकील होता, टपरीवाल्याकडे नव्हता, म्हणून दोघांचा निकाल वेगळा लागायचा. तो कायदा गेला. त्याच्या जागी २००६चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलात आला. या कायद्याच्या कलम १८ मध्ये तिसरे पोटकलम आहे, ते प्रत्येकाने पाठ करावे. त्याचा मथितार्थ असा की शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामे, उभी पिके, जनावरे आणि शेतकऱ्याने आपल्या शेतावर पिकवलेला माल यांना हा कायदा लागू नाही. तुमच्या खळ्यावरच्या ज्वारीकडे बोट दाखवून कुणी अन्नाच्या लायसन्सची मागणी केली, तर हे कलम त्याच्या हातात द्या. मात्र ज्वारी दळली, भाकरी झाली, ती परक्या माणसाच्या ताटात पैसे घेऊन वाढली, की तुम्ही धंद्यात आलात. धर्मादाय म्हणून फुकट वाढली तरी सुटका नाही, कारण नफा असो-नसो, अन्नाचे काम ते अन्नाचे काम, अशी कायद्याची व्याख्या आहे.

छोट्या माणसाला लायसन्स नाही, नुसती नोंदणी. २०११च्या नियमांत बारा लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला नोंदणी आणि वर्षाची फी शंभर रुपये ठेवली. शंभर रुपये म्हणजे एका बोंडअळीच्या फवारणीच्या निम्मेही नाहीत. खर्च फीचा नाही. खर्च हेलपाट्यांचा आणि मधल्या माणसाचा. नियमांत असेही लिहिले आहे की नोंदणी करणारा अधिकारी पंचायतीतला किंवा नगरपालिकेतलाही नेमता येईल. म्हणजे दारातल्या दारात काम होण्याची सोय कागदावर आहे. प्रत्यक्षात अन्न व औषध प्रशासनाचे रायगडचे कार्यालय पेणला, पोलादपूरपासून शंभरावर किलोमीटर. एका मावशींनी एजंटाला फीच्या कितीतरी पट दिले होते. किती ते त्या आकडा सांगताना लाजल्या, म्हणून आम्हीही इथे सांगत नाही.

आता खरी गोम ऐका. या कायद्यात 'अन्न' कशाला म्हणतात त्याची लांबलचक व्याख्या आहे. तिच्यात एक तुकडा आहे: अन्न तयार करताना त्यात वापरलेले पाणीसुद्धा अन्न. बरोबरच आहे. पण याचा व्यवहारात अर्थ काय होतो पाहा. पाणी विहिरीत आहे तोवर ते ग्रामपंचायतीचे. टँकरमध्ये आहे तोवर ठेकेदाराचे. नळात आहे तोवर नगरपंचायतीचे. तिथे ते गढूळ असले, त्यात जंतू असले, तर अन्नाचा कायदा त्याला विचारत नाही. तेच पाणी मावशींनी परातीत पिठावर ओतले, की त्या क्षणी ते अन्न झाले, आणि त्यातल्या जंतूंच्या जबाबदार मावशी झाल्या! ज्याने पाणी आणले तो सुटला, जिने पीठ मळले ती सापडली.

आम्हाला हे पाहून महाडची १९२७ सालची गोष्ट आठवली. आपल्यातल्या जुन्या मंडळींना ती ठाऊक आहे, पण तरुणांसाठी सांगतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव छान होता. पण नगरपालिकेने त्यापुढे बोटही हलवले नाही. तळ्यावर पहिला माणूस जाईल तेव्हा त्याच्या पाठीशी कोण उभे राहील, याची तजवीज कुणी केली नाही. तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि माणसे तहानलेली राहिली. १९ आणि २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महाडात कुलाबा जिल्ह्याची परिषद भरली, तेव्हा परिषदेला लागणारे पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावे लागले. त्या काळचे चाळीस रुपये! २० तारखेला सगळे मिळून तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेचा ठराव अमलात आणला तो नगरपालिकेने नव्हे, तहानलेल्या माणसांनी. त्यानंतर मंडपात जेवत असलेल्या लोकांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला आणि शिजवलेले अन्न मातीत मिसळले.

आणि पुढे 'शुद्धी' झाली. दही, दूध, शेण, गोमूत्र भरलेल्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात सोडल्या. आम्ही शेतीचे पदवीधर. शेणाला आम्ही नाव ठेवणार नाही, शेतात ते सोने आहे. पण पिण्याच्या पाण्यात शेण कालवून पाणी शुद्ध होते, हे कुठल्या कॉलेजात शिकवलेले आम्हाला आठवत नाही. ४ ऑगस्ट १९२७ला नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. खुले करायच्या कामाला तीन वर्षांत मुहूर्त लागला नव्हता, बंद करायला साडेचार महिने पुरले. पुढे कोर्टकचेरी झाली. १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की तळे नगरपालिकेच्या ताब्यातले, आणि इतरांना बंदी करणारी कुठलीही अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. पिण्याच्या एका ओंजळीला दहा वर्षे.

त्या दहा वर्षांत ओंजळ कुणाची आहे हे सगळ्यांनी तपासले. तळ्यातले पाणी कसे आहे हे तपासल्याचे आम्हाला कुठे वाचायला मिळाले नाही.

हे जुने झाले असे समजू नका. आपल्याच एका गावात भाकरी केंद्राची दहा बहिणींची यादी झाली. दुसऱ्या बैठकीत नावे नऊ. आम्ही विचारले, दहावी कुठे गेली? थोडा वेळ कुणी बोलेना. मग एकजण हळूच म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक येईल ना... स्वच्छतेचं बघावं लागतं." त्या बहिणीचे घर आम्ही पाहिले आहे. आमच्या घरापेक्षा चकचकीत आहे. स्वच्छता हा शब्द तोंडात घेऊन आपण १९२७चीच घागर भरतो आहोत, हे त्या माणसाला कळले असेल की नाही माहीत नाही. ते दहावे नाव परत आल्याशिवाय त्या गावाच्या केंद्राला संघटनेचा फलक मिळणार नाही. हे इथे सगळ्यांसमोर सांगतो.

महाडात आज चवदार तळ्याला लाखो लोक येतात, नमस्कार करतात. आम्हीही केला. तिथून बाजारात गेलो. २२ जुलै २०२१च्या पुरात सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या होत्या. दुकानांची तळमजल्यावरची पोती पाण्याखाली गेली. त्याच दिवशी वर तळीयेला दरड कोसळून ऐंशीवर माणसे गेली. पूर उतरला तेव्हा गाळ कमरेइतका आणि लेप्टोची भीती. एका किराणा दुकानदाराने आम्हाला सांगितले, भिजलेले धान्य फेकायचे की वाळवून विकायचे हे त्यांना कुणी सांगितले नाही, त्यांनी स्वतः फेकले. काहींनी फेकले नसेलही, ते म्हणाले. त्यांच्या जागी आम्ही असतो तर काय केले असते? वर्षाचे भांडवल गाळात गेलेल्या माणसाने, ग्राहकाच्या पोटासाठी, उरलेलेही फेकून द्यायचे. त्याला भरपाई कोण देणार ते आधी ठरवले नाही, तर नियम पाळायला देवमाणूस लागेल. आपल्याला हे नवे नाही. काढणीला पाऊस लागून ज्वारी काळी पडली की आपल्याकडे काय होते? खरेदी केंद्र घेत नाही, व्यापारी मातीमोल घेतो, आणि मग ती काळी ज्वारी कुठे जाते ते कुणी विचारत नाही.

महाडची औद्योगिक वसाहत तिथून जवळ. रसायनाचे कारखाने. सावित्रीच्या खाडीतल्या मासेमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. त्याला खाते वेगळे, प्रदूषण नियंत्रण मंडळ. वजनकाट्याला वेगळे, पाण्याला वेगळे, अन्नाला वेगळे. चार खात्यांची माणसे टपरीवर जाऊ शकतात. नदीकडे प्रत्येकजण दुसऱ्या खात्याचे म्हणून बोट दाखवतो.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, मग साहेबांचे उत्तर ठरले: हा कायदा नको, इन्स्पेक्टर नको. काही वर्षांपूर्वी आम्ही तेच म्हणालो असतो, टाळ्याही घेतल्या असत्या. आज म्हणणार नाही, त्याचे कारण सांगतो. सांगायला जड जाते.

आमच्याच एका शिबिराची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस, चाळीस-पन्नास माणसे. पिण्याच्या पाण्याला भांडे कमी पडले, तेव्हा एका शेतकरी भावाने आपला दोनशे लिटरचा निळा ड्रम आणून दिला. तीनदा धुतला होता. मनापासून दिला होता. त्या ड्रमात तो फवारणीचे औषध कालवायचा. दुपारनंतर माणसे ओकायला लागली. घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. ही लक्षणे आम्ही कॉलेजात पाठ केलेली होती. अकरा जणांना दवाखान्यात नेले, अॅट्रोपीन टोचले, सगळे वाचले. एक पोरगा दोन दिवस शुद्धीवर नव्हता. त्याच्या आईसमोर आम्ही बसून होतो, काय बोलणार? सकाळी ड्रमच्या आतल्या कडेला पांढरट थर आम्ही पाहिला होता. पाहिला आणि भाषणाची वेळ झाली म्हणून पुढे गेलो.

त्या सकाळी एखादा खडूस इन्स्पेक्टर येऊन "हा ड्रम कशाचा?" म्हणाला असता, तर आम्ही त्याच्याशी भांडलो असतो. आणि तो बरोबर असता. मुंबईचा माणूस आपली भाकरी खातो तेव्हा तो आमच्या शिबिरातल्या पोरासारखाच आपल्यावर विश्वास टाकून खातो. ज्वारीला आज शहरात मान आहे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, तेव्हापासून ज्यांनी कधी भाकरी पाहिली नाही तेही मागतात. एका केंद्रावर दहा माणसे आजारी पडली, तर आपल्या ज्वारीचे नाव दहा वर्षे वर येणार नाही. म्हणून तपासणी हवी. ती सगळ्यांची हवी, आणि ज्या क्रमाने रोग येतो त्या क्रमाने हवी. रोग आधी पाण्यातून येतो.

तेव्हा आमचे मत असे. बहिणींनी नोंदणी काढावी. एजंटाकडून नव्हे. तालुक्याच्या सगळ्या केंद्रांचे अर्ज एकत्र भरावेत, म्हणजे हेलपाटा एकच होईल. तपासणीला अधिकारी आला तर त्याला पाणी द्या, बसवा, भांडी दाखवा. काही चुकत असेल तर कायद्यात सुधारणेची नोटीस आहे, आणि तिला किमान चौदा दिवसांची मुदत द्यावी लागते. तोंडी "उद्यापासून बंद" याला नोटीस म्हणत नाहीत. नमुना घेतला तर त्याची बाजारभावाने किंमत त्याने दिली पाहिजे. नमुन्याचे चार भाग होतात, सील लागते. एक विश्लेषकाकडे, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी लेखी मागणी तुम्ही करू शकता, ती जरूर करा. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. तो मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील. हे सगळे माहीत असलेल्या बाईकडे कुणी चहापाण्याचे मागत नाही, असा पोलादपूरच्या मावशींचाही अनुभव आहे.

आणि त्याच दिवशी दुसरा अर्ज ग्रामपंचायतीकडे. पुष्कळांना माहीत नसेल, पण महाराष्ट्रात गावागावाच्या पाणवठ्यांचे वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात, सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळते. लाल, पिवळे किंवा हिरवे. लाल म्हणजे धोका. तुमच्या ग्रामपंचायतीला कोणते कार्ड आहे, हात वर करून सांगा... तीन हात. एवढ्या सभेत तीन. सरपंच मंडळी बसली आहेत, त्यांचेही हात खाली आहेत. मावशींचा कागद भिंतीवर टांगलेला असतो. ग्रामपंचायतीचे कार्ड कपाटात का?

ग्रामसभेत मागा. कार्ड दाखवा. टीसीएल पावडर कधी आणली, तिच्यात क्लोरीन वीस टक्के तरी आहे का, ओटी टेस्टची वही कुठे आहे. नळाच्या शेवटच्या टोकाला, बहुतेक गावात ते टोक कुणाच्या वस्तीत असते हे तुम्हाला माहीत आहे, तिथल्या पाण्यात क्लोरीन उतरते का. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. पाण्याचा अहवाल मिळाला की त्याची प्रत भाकरी केंद्राच्या भिंतीवर, नोंदणीच्या कागदाशेजारी लावा. उद्या कुणी अधिकारी टोपी कुठे आहे म्हणून विचारील, तेव्हा टोपी दाखवा आणि तो दुसरा कागदही दाखवा. पाणी खराब निघाले तर केंद्र त्या दिवशी बंद ठेवा. ते आपण आपणहून करायचे, आणि का बंद ठेवले ते फळ्यावर लिहायचे.

आणखी एक. फवारणीचा ड्रम, डबा, मग, काठी, यांना लाल पट्टा मारायचा. हे काम आजपासून, प्रत्येकाच्या घरी. रंगाचा डबा मागच्या टेबलावर ठेवला आहे, ब्रश कमी आहेत, आपापला आणलात तर बरे. नोंदणीचे अर्जही तिथेच आहेत. ज्या गावाच्या यादीत नऊ नावे आहेत त्यांनी अर्ज घ्यायच्या आधी आमच्याशी बोलावे.